सॉफ्टवेअर बसवले, पण काउंटर कोण लावणार?

माननीय संपादक महोदय,

ग्रंथालयांच्या संगणकीकरणाची चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरते: सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे? निवड होते, सर्व्हरवर ते बसवले जाते आणि काम संपले असे मानले जाते. खरे तर देवघेव, तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी करणे) आणि वर्गणी या टेबलांवरचे संगणक त्यानंतर एकेक करून लावून द्यावे लागतात. हे काम कोणाच्याच यादीत नसते. मग काउंटरवर रांग वाढली की दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

‘कोहा’चे उदाहरण घेऊ. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली लिहायला घेतलेली आणि २००० च्या जानेवारीत प्रत्यक्ष वापरात आलेली ही ग्रंथालयांसाठीची मुक्त (ओपन सोर्स) प्रणाली आज जगभर चालते. कर्मचाऱ्याच्या संगणकावर तिच्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही, ब्राउझर पुरतो. नेमक्या या सोयीमुळेच टेबलावरच्या संगणकाकडे कोणी लक्ष देत नाही.

पहिली चूक लॉगिनची. सगळ्या टेबलांवर एकच नाव, तेही ‘सुपरलायब्ररियन’ म्हणजे सर्व अधिकारांचे, आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. कोहात कर्मचारी-बाजूला प्रवेश देणारी परवानगी वेगळी आहे. ती आणि देवघेवीची परवानगी एवढ्यावर काउंटरचे काम भागते. सभासदाची माहिती दुरुस्त करायची असेल तर तेवढी परवानगी वाढवावी. नोंदी एकगठ्ठा बदलण्याचे किंवा काढून टाकण्याचे अधिकार काउंटरवर देण्याचे काहीच कारण नाही. दंड माफ झाला किंवा नोंद पुसली गेली, तर ते कोणी केले हे कोहाच्या लॉगमध्ये, म्हणजे कोणी काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, पाहता येते, पण सगळे एकाच नावाने काम करत असतील तर तो लॉग निरुपयोगी. आणखी एक: डेटाबेस तयार करताना बनलेल्या प्रशासकीय नावाने रोजचे काम कधीही करू नये. त्या नावामागे सभासदाची नोंद नसते, त्यामुळे काही भाग नीट चालत नाहीत. कोहा स्वतः तसा इशारा देते आणि तो वाचला जात नाही.

एकाहून अधिक शाखा असतील तर लॉगिनसोबत शाखाही बरोबर हवी. चुकीच्या शाखेत लॉगिन झाले की स्वतःचेच पुस्तक जमा करताना ‘हे दुसऱ्या शाखेकडे पाठवा’ असा संदेश येतो. देवघेवीचे नियम लॉगिनच्या शाखेवरून ठरवलेले असतील तर परतीची तारीखही चुकते. शाखेची निवड त्या सत्राशी बांधलेली असते. एका टॅबमध्ये शाखा बदलली की त्याच ब्राउझरच्या दुसऱ्या टॅबमध्येही ती बदललेली असते. एका संगणकावर दोन शाखांचे काम करायचेच असेल तर दोन वेगळे ब्राउझर वापरावेत.

आता स्कॅनर. मराठी ग्रंथसंग्रह असलेल्या ठिकाणी सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बहुतेक बारकोड स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच दिसतात, म्हणजे ते अक्षरे पाठवत नाहीत, कळा दाबतात. त्या क्षणी संगणकावर मराठी इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड-मांडणी) चालू असेल तर त्या कळांची मराठी अक्षरे होतात. समजा, बारकोड मोठ्या ‘एल’ने सुरू होतो आणि पुढे ०४५१२ आहे. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि एल मिळून ‘थ’ होतो, म्हणून पडद्यावर थ०४५१२ उमटते आणि सॉफ्टवेअर ‘बारकोड सापडला नाही’ म्हणते. स्कॅनर बिघडला असे समजून कर्मचारी आकडे हाताने टाकू लागतात. देवघेवीत निदान चूक लगेच दिसते. तालिकीकरणात पुस्तकाची प्रत नोंदवताना हेच झाले, तर बारकोडचा खाना कोणताही मजकूर मुकाट्याने स्वीकारतो. ‘थ०४५१२’ हाच त्या प्रतीचा बारकोड म्हणून साठवला जातो आणि पुढे ते पुस्तक काउंटरवर कधीच वाचले जात नाही.

उपाय साधा आहे. देवघेवीच्या संगणकावर इंग्रजी कीबोर्ड एवढाच ठेवावा. तालिकीकरणाच्या संगणकावर दोन्ही लागतात. तिथे प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवण्याची विंडोजमधली सोय चालू करावी, किंवा स्कॅनरमध्ये असेल तर ‘ऑल्ट’ कळ आणि आकडी कोड वापरून अक्षर पाठवण्याची पद्धत निवडावी. त्या पद्धतीवर कीबोर्डच्या भाषेचा परिणाम होत नाही. स्कॅनरच्या पुस्तिकेत छापलेले बारकोड वाचूनच हे बदल करता येतात. त्याच पुस्तिकेतून प्रत्येक स्कॅननंतर ‘एंटर’ जाईल असे करून घ्यावे. ‘टॅब’ गेला तर कर्सर पुढच्या खान्यात सरकतो आणि नोंद होतच नाही. ‘कोड ३९’ या प्रकारचा बारकोड छापला असेल तर सुरुवातीचे व शेवटचे तारांकन चिन्ह (*) स्कॅनर पुढे पाठवत नाही ना, हेही पाहावे.

कीबोर्डचा दुसरा घोळ शोधात दिसतो. ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून टाइप होते, तसेच ‘अ’ला वर चंद्र देऊनही. दिसायला दोन्ही सारखीच, पण युनिकोडमध्ये वेगळी, आणि शोधयंत्र त्यांना एक मानत नाही. ‘दऱ्या’मधल्या ‘ऱ्या’चेही तेच: एकजण इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबून ‘ऱ’ आणतो, दुसरा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून तेच रूप उभे करतो. दोन टेबलांवर दोन कीबोर्ड असतील तर एकाच लेखकाची दोन नावे तयार होतात आणि वाचकाला निम्मीच पुस्तके सापडतात. म्हणून तालिकीकरणाच्या सर्व संगणकांवर एकच कीबोर्ड ठेवावा आणि या अक्षरांची रूपे लेखी ठरवून घ्यावीत. जुन्या नोंदी एकदा एकगठ्ठा दुरुस्त कराव्यात आणि त्यानंतर शोधासाठीची संपूर्ण अनुक्रमणिका पुन्हा बांधावी. ती सर्व्हरवर आयसीयू (युनिकोड मजकूर हाताळण्याच्या) पद्धतीने बांधलेली असणे मराठीसाठी आवश्यक आहे.

छपाईत दोन गोष्टी सांभाळाव्यात. पावतीचा छोटा थर्मल प्रिंटर हा डिफॉल्ट ठेवावा आणि ‘डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवावा’ ही सोय बंद करावी. ती चालू असेल तर एकदा ए-४ वर अहवाल काढला की पुढची पावतीही पूर्ण पानावर येते. दर पावतीला छपाईची खिडकी उघडू नये असे वाटत असेल तर क्रोम ‘किओस्क प्रिंटिंग’च्या पर्यायासह सुरू करावा. फायरफॉक्समध्ये यासाठी लिहिलेले जुने प्लगइन २०१७ मध्ये आलेल्या ५७ व्या आवृत्तीपासून चालत नाहीत, त्यामुळे जुनी माहिती वाचून तो मार्ग धरू नये. बारकोडची लेबले छापताना ‘पानात बसवा’ नव्हे तर ‘१०० टक्के’ निवडावे. ३ टक्के आकुंचनानेही २९७ मिलिमीटर लांबीच्या पानात सुमारे ९ मिलिमीटर फरक पडतो आणि काही लेबलांवरच्या रेघा कापल्या जातात.

संगणकाचे घड्याळ आपोआप जुळणारे असावे. ते फार चुकले तर ब्राउझर सुरक्षित जोडणीच नाकारतो. इंटरनेट बंद असताना ऑफलाइन साधनाने केलेल्या नोंदींवरही याच घड्याळाची वेळ पडते. हे साधन सभासदावरची बंधने तपासत नाही, त्यामुळे जोडणी आल्यावर नोंदी चढवून आलेले इशारे त्याच दिवशी पाहावेत. ठरावीक आयपी पत्त्यांवरूनच (नेटवर्कमधल्या संगणकांच्या क्रमांकांवरूनच) लॉगिन होऊ द्यायचे असेल तर राउटरमध्ये प्रत्येक संगणकाचा पत्ता राखून ठेवावा, नाहीतर एखाद्या सकाळी कोणालाच आत जाता येत नाही.

आमची मागणी एवढीच आहे. संगणकीकरणाच्या करारात टेबलनिहाय चाचणी लिहिलेली असावी: प्रत्येक संगणकावर त्या कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या लॉगिनने एक पुस्तक देणे, तेच परत घेणे आणि एक पावती काढणे. तालिकीकरणाच्या संगणकावर मराठी कीबोर्ड चालू ठेवून एका नव्या प्रतीचा बारकोड स्कॅन करून साठवावा आणि तीच प्रत देवघेवीच्या टेबलावर वाचून पाहावी. शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्यावा.

आपले,
ग्रंथालय संगणकीकरणाचे काम करणारे काही तंत्रज्ञ