निळ्या पेनाचे ठिपके काढणाऱ्या डॉक्टरताईंना

लेकीचा ताप उतरून आठवडा झाला आणि गालांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर लालसर टणक पुटकुळ्या उठल्या. शेजारीण म्हणाली गोवर. पाळणाघराने दारातूनच परत पाठवलं. कुणीतरी खरजेचं मलम दिलं, त्याने आग वाढली ती वेगळीच.

सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग ओपीडीत पोचलो तेव्हा तुम्ही डबा उघडला होतात. तो झाकून ठेवलात. पोर अंगाला हात लावू देईना, तर तुम्ही निळ्या पेनाने स्वतःच्या मनगटावर ठिपके काढलेत नि म्हणालात, "मोज बघू, कुणाचे जास्त?" ती मोजत बसली (येतं पाचपर्यंतच!), तेवढ्यात तुमचं तपासून झालं. पोट-पाठ कोरी आहे, हे मलाही दाखवलंत. हिपॅटायटिस बीची लस झालीय का, विचारलंत. जियानोटी-क्रोस्टी सिंड्रोम: विषाणूसंसर्गानंतर उमटणारी त्वचेची प्रतिक्रिया, आपोआप जाते, पण बरेच आठवडे घेते. पाळणाघरासाठी चिठ्ठी तर न मागताच लिहून दिलीत.

सहाव्या आठवड्यात गाल साफ झाले. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, ताई. मनापासून आभार. लेक अजून मनगटावर पेनाने ठिपके काढते, आणि मी ओरडत नाही.