कूलर बंद करणाऱ्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव लिहिलं तर तुम्ही रागावाल, म्हणून लिहीत नाही. परवा तुमच्या दुकानातून निघताना नुसतं "येते भाऊ" म्हटलं आणि निघाले, कारण गळा दाटून आला होता. तेव्हा जे बोलता आलं नाही ते आज लिहिते आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमच्या शाळेवर पत्रे आहेत. नागपूरचा एप्रिल म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. सातवीच्या मुलांनी महिनाभर रोज साडेअकराला, शाळा सुटताना, वर्गातलं आणि अंगणातल्या कडुनिंबाखालचं तापमान मोजलं आणि वहीत पेन्सिलीने लिहून ठेवलं. पत्र्यांवर चुन्याचा पांढरा थर दिला तर ऊन परतवलं जातं आणि वर्ग कमी तापतो. त्या कामासाठी मदत मिळावी म्हणून एका समितीपुढे हे सगळं ऑनलाइन मांडायचं होतं.

पहिल्या वेळी मी पंधरा मिनिटं बोलले. शेवटी एक साहेब म्हणाले, "मॅडम, आम्हाला तर पहिलीच स्लाइड दिसत होती." मी स्लाइड शो सुरू केला तो वेगळ्या विंडोत उघडला होता, आणि शेअर झाली होती ती जुनी विंडो. चूक माझीच. पण चौदा माणसं जोडलेली होती. त्यातल्या एकालाही पहिल्या मिनिटात माइक सुरू करून "पुढची स्लाइड दिसत नाही" एवढं सांगावंसं वाटलं नाही? आम्हाला ऑनलाइन सादरीकरणाचं प्रशिक्षण देणारे गृहस्थही त्या चौदांत होते. नंतर त्यांना मदत मागितली, तर म्हणाले, "यूट्यूबवर सगळं आहे." पोरांच्या महिनाभराच्या नोंदी कुणी पाहिल्याच नाहीत. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

विनवण्या करून दुसरी तारीख मिळाली. आदल्या दिवशी मी तुमच्याकडे प्रिंट काढायला आले आणि तुम्ही सहज विचारलं, "ताई, चेहरा काहून उतरला?" मी सगळं सांगितलं. तुम्ही मला आतल्या टेबलाशी बसवलं, स्वतःच्या मोबाइलवरून मीटिंगला जोडले गेलात आणि बाहेर काउंटरवर जाऊन म्हणालात, "आता सांगा, मी साहेब आहे." दोन मिनिटांत तुम्ही परत आत आलात. "ताई, तुम्ही जे पाहून राहिल्या ना, ते मले दिसूनच नाही राहिलं."

भाऊ, त्या दोन तासांच्या प्रशिक्षणात हे एक वाक्य कुणी बोललं नव्हतं. आपल्या स्क्रीनवर जे आहे ते समोरच्याच्या स्क्रीनवर असतंच असं नाही. ते पाहायला दुसरा फोन, दुसरा माणूस लागतो. मग तुम्ही तुमचा मोबाइल माझ्या हातात दिला आणि माझी अकरा ओळींची स्लाइड मला वाचायला लावली. वाचता येईना. ती मोडून आपण दोनच आकडे मोठ्या अक्षरात ठेवले: पत्र्याखाली 41, निंबाखाली 36. खिडकी माझ्या पाठीमागे होती, म्हणून चेहरा काळा दिसत होता. तुम्ही टेबलच फिरवलं. लॅपटॉपखाली वह्यांचा गठ्ठा दिला, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आला. नेट तपासताना डाउनलोड पाहू नका, आपला आवाज आणि चित्र तिकडे जातं ते अपलोडवर, हेही तुम्हीच सांगितलं. आणि आलेखावर नणंदेचा मेसेज येऊन पडला तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप बंद करायला लावलं.

घरचं नेट भरवशाचं नाही म्हटल्यावर "उद्या इथंच बसा" म्हणालात.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनची वेळ. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू, बाहेर 45. मी बसले आणि तुम्ही उठून कूलर बंद केला. मी नको नको म्हणत होते. "त्याची घरघर माइकमध्ये जाते जी. तुमचा आवाज दबला तर काय फायदा?" झेरॉक्स मशीनही बंद. दाराला पुठ्ठा अडकवला, 'अर्धा तास थांबा'. आणि लॅपटॉपच्या पलीकडे स्टुलावर बसलात. कानात इअरफोन, हातात मोबाइल, समितीला दिसतं तेच पाहत. मी स्लाइड बदलली की क्षणभर थांबायची. तुमच्या मोबाइलवर ती आली की तुम्ही अंगठा वर करायचे. मग मी बोलायची.

समितीतल्या सगळ्यांचे कॅमेरे बंद होते. मला दिसत होता एकच चेहरा, तुमचा. घामाच्या धारा कानशिलावरून हनुवटीपर्यंत येत होत्या, शर्ट अंगाला चिकटला होता, आणि तुम्ही पुसतही नव्हता. एका हातात मोबाइल, दुसऱ्याचा अंगठा तयार. बारा स्लाइड, बारा वेळा अंगठा.

आपण कुणाला मदत केली म्हणतो तेव्हा बहुतेकदा सल्ला दिलेला असतो. सोबत घाम गाळत बसणारं माणूस क्वचित भेटतं. नागपुरात अशी माणसं चौकाचौकात आहेत हो, ओळख ना पाळख, तरी भर उन्हात गाडी ढकलून देतील, रस्ता विचारला तर घरापर्यंत नेऊन सोडतील. त्यांना कुणी मंचावर बोलवत नाही, प्रशिक्षण द्यायला तर नाहीच.

निकाल अजून लागायचा आहे. पण ह्या वेळी समितीने नोंदी पाहिल्या, प्रश्न विचारले, एका मॅडमनी मुलांची वही कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली. शेवटी मी पोरांचा थर्मामीटरही दाखवला आणि त्यावरचा आकडा मनात ठेवला. मीटिंग संपल्यावर तुम्ही आधी कूलर लावला आणि त्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.

तुम्ही दाराचा पुठ्ठा काढायला गेलात तेव्हा थर्मामीटर माझ्या हातातच होता. मी मुलांच्या वहीत शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं: झेरॉक्सचं दुकान, दुपारी 2.35, कूलर बंद, 39.

तुमची,
शाळेतली ताई