पाचशे भरण्याआधी फोटो नीट बघ

विश्रामबाग, सांगली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज आणि साताऱ्यातल्या नो पार्किंगच्या चलानाचा स्क्रीनशॉट मिळाला. आधी एकच सांगतो, पैसे अजून भरू नकोस. "पाचशेच तर आहेत, भरून टाकतो, मग बघू" असं तू लिहिलंयस, पण नंतर बघायला काही उरत नाही. चलान भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली तडजोड करून प्रकरण मिटवणं. मिटलेल्या प्रकरणावर तक्रार कोण ऐकणार? शिवाय नो पार्किंगला कलम 122 आणि 177 लागतं. पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत दंड, पुन्हा झालं की 1500 पर्यंत. आज चुकीचं चलान निमूट भरलंस, तर पुढचं चलान तिप्पट पडू शकतं. म्हणून पाचशे रुपयांसाठी थोडी धावपळ केलेली परवडते.

चलान खरं आहे का, हे त्याच्याही आधी बघ. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाच्या नावाने एपीके फाईल (मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी) आली असेल, तर ती फसवणूकच समज. उघडलीस तर मोबाईलमधले बँकेचे मेसेज चोराच्या हाती जातात. महाट्रॅफिक ई-चलानची सरकारी साइट स्वतः टाईप करून उघड. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन असलं पाहिजे. तिथे गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकावे लागतात, ते आरसी बुकावर आहेत. गाडी आबांच्या नावावर आहे, तेव्हा मेसेज त्यांच्या नोंदवलेल्या मोबाईलवर जातो. तो नंबर जुना असेल तर सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर बदलून घे, नाहीतर पुढची चलानं साचत जातील आणि घरात कुणाला पत्ताही लागणार नाही.

आता फोटो. तक्रार सगळी त्याच्यावरच उभी राहते. स्क्रीनशॉट नको, साइटवरचा मूळ फोटो डाउनलोड कर आणि मोठा करून बघ. नंबर प्लेट अक्षर न् अक्षर वाचता येते का? गाडी तुझीच आहे का, रंग, आरसा, सीट कव्हर जुळतंय का? 3 चा 8 होतो, 1 चा 7 होतो, आणि साताऱ्याच्या एमएच 11 ऐवजी सांगलीचं एमएच 10 टाईप झालं तर तुझी चूक माझ्या गावच्या माणसाला भोवते. नंबरच चुकला असेल तर काम सोपं असतं. आरसीची प्रत, गाडीचे पुढचे-मागचे फोटो आणि हाय सिक्युरिटी प्लेट बसवली असेल तर तिच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातला लेसर नंबर जोडायचा. तुझ्या फोटोत मात्र गाडी तुझीच दिसतेय, तेव्हा मुद्दा जागेचा आहे.

तू लिहिलंस की 31 तारखेला संध्याकाळी गाडी पी-1 च्या बाजूला लावली, 1 तारखेला सकाळी 10:40 ला चलान पडलं, आणि "तारीख बदलली, म्हणजे चूक माझीच." गड्या, इथेच तू स्वतःवर अन्याय करतोयस. पी-1 म्हणजे विषम तारखांना त्या बाजूला पार्किंग, पी-2 म्हणजे सम तारखांना. 31 विषम आणि 1 पण विषम. 31 दिवसांच्या महिन्याच्या शेवटी बाजू बदलत नाही, लागोपाठ दोन दिवस तीच राहते. 30 दिवसांचा महिना असता तर रात्री बारानंतर तू चुकीच्या बाजूला गेला असतास. गाडी लावणारे आणि चलान करणारे, दोघेही "कालची बाजू आज नाही" हे एवढं पाठ करून ठेवतात की महिन्याच्या या टोकाला घोळ होतो. तक्रारीत पहिलं वाक्य हेच लिही.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नकोस. बाजू बरोबर असली तरी कोपरा नडू शकतो. 2017 च्या वाहनचालन विनियमांप्रमाणे चौकाच्या किंवा तिठ्याच्या कडेपासून 50 मीटरच्या आत गाडी लावता येत नाही. फूटपाथवर, कडेच्या सलग पिवळ्या पट्ट्यावर, बस थांब्याजवळ, शाळा-दवाखान्याच्या फाटकाजवळ, दुसऱ्याच्या गेटसमोर आणि उभ्या गाडीला लागून दुसऱ्या रांगेतही नाही. राजपथाला मिळणाऱ्या तुमच्या पेठेतल्या गल्ल्या बघ, अक्षरशः मोजायला गेलं तर निम्मी पेठ कुठल्या ना कुठल्या वळणाच्या 50 मीटरमध्ये येते. म्हणून पी-1 चा बोर्डच कोपऱ्यापासून किती अंतरावर लावलाय ते टेपने मोज. प्रशासनानेच तिथे बोर्ड लावून गाड्या लावायला सांगितल्या असतील, तर त्याच जागेसाठी दंड करणं मला पटत नाही, आणि हे तक्रारीत मांडण्यासारखं आहे. गाडी बोर्डाच्या बाणाबाहेर कोपऱ्याकडे सरकलेली असेल, तर मात्र भर आणि मोकळा हो.

जागा सिद्ध करण्यासाठी फोटोतल्या न हलणाऱ्या खुणा शोध. मला त्यात शटर दिसतंय, गटाराचं झाकण दिसतंय आणि उजव्या कडेला विजेचा खांब आहे. त्या खांबावर रंगाने नंबर लिहिलेला असेल, तोच तुझा साक्षीदार. तिथे जा आणि तीन फोटो काढ. एकात खांबाचा नंबर आणि शटर, दुसऱ्यात खांब आणि पी-1 चा बोर्ड एकाच चौकटीत, तिसरा चालकाच्या नजरेच्या उंचीवरून, म्हणजे बोर्डासमोर फ्लेक्स किंवा फांदी आलीय का ते कळेल. नो पार्किंगचा खरा बोर्ड निळ्या गोलात लाल कडा आणि एक तिरकी लाल रेघ असा असतो; दोन रेघांची फुली असेल तर तिथे थांबायलाच मनाई. दुकानदाराने रंगवलेल्या "हवा सोडली जाईल" छाप पाट्यांना कायद्यात काडीचीही किंमत नाही. मूळ फोटो जपून ठेव. व्हॉट्सअ‍ॅपवर साधे फोटो म्हणून पाठवलेस की त्यातली तारीख आणि ठिकाणाची नोंद गळून पडते. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठव.

हे लवकर कर. बोर्ड वाकतो, हलतो, फ्लेक्स निघतो, आणि महिन्याने तुझ्याकडे सांगायला फक्त तोंड उरतं.

मग साइटवर तक्रारीच्या रकान्यात चलान क्रमांक, मोबाईल आणि मजकूर टाक, फोटो जोड. मजकूर रागाने लिहू नको. एवढा पुरे: "वाहन दि. 1 रोजी सकाळी 10:40 वाजता पी-1 बोर्ड असलेल्या बाजूस उभे होते. तारीख विषम असल्याने त्या बाजूस पार्किंगची मुभा होती. चलानाच्या फोटोतील खांब आणि सोबत जोडलेल्या फोटोतील खांब एकच असून बोर्ड त्याच्यापासून इतक्या मीटरवर आहे. चलान रद्द व्हावे." मीटर मोजून टाक, अंदाजे नको. तक्रारीचा क्रमांक जपून ठेव.

नुसत्या ऑनलाईनवर विसंबू नकोस. हाच मजकूर जिल्हा वाहतूक शाखेच्या पोलीस निरीक्षकांच्या नावे आबांच्या सहीने दोन प्रतींत ने, कारण गाडी त्यांची. एक प्रत द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. पोच नसलेला अर्ज दिला न दिला सारखाच. 2025 मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने खासगी मोबाईलवर फोटो काढून चलान करू नये अशा सूचना दिल्या होत्या, तेव्हा फोटो कुठल्या यंत्राने घेतला हेही नम्रपणे विचार. गुन्ह्याची सूचना 15 दिवसांत यावी अशी दुरुस्ती केंद्रीय नियमांत 2021 साली झाली, म्हणून चलानावरची तारीख आणि मेसेजची तारीख दोन्ही अर्जात लिही.

बोर्ड अधिकृत आहे का यावरच वाद आला, तर माहिती अधिकारात त्या रस्त्याच्या पार्किंगच्या अधिसूचनेची प्रत माग. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लाव, एकच विषय ठेव आणि मजकूर 150 शब्दांच्या आत ठेव, नाहीतर अर्ज तिथेच अडतो. उत्तराला 30 दिवस.

तक्रार फेटाळली तर प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे ऑनलाईन न्यायालयात, जाऊ शकतं. तिथे पैसे भरायचा आणि लढायचा, असे दोन्ही मार्ग असतात. लढायचं म्हटलंस की ते साताऱ्याच्या न्यायालयात येतं, आणि फोटोला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, हा मुद्दा वकील मांडेल. पण दिवस मोडून, वकिलाची फी देऊन पाचशेसाठी तिथवर जावं असं मला वाटत नाही, 1500 चं असतं तर विचार केला असता. लोकअदालतीत निम्म्यात मिटतं असं कुणी सांगितलं तर त्यावर भिस्त ठेवू नकोस. मात्र चलान तसंच थकवूही नकोस. गाडी विकायची वेळ आली की आरटीओत नेमकं तेच आडवं येतं.

उद्या सकाळी 10:40 च्याच सुमाराला जा, म्हणजे ऊन आणि शटर चलानाच्या फोटोसारखंच मिळेल. टेप 30 मीटरचा ने, पाच मीटरच्या घरगुती टेपने दहा वेळा जोडून मोजलं की आकडा चुकतो. मजकूर टाकण्याआधी मला वाचायला पाठव.

आबांना आणि वहिनींना नमस्कार.

तुझाच मित्र