जनरल रजिस्टर फक्त दाखल्यापुरतंच का?

मा. संपादक,

कुणाला जातीचा दाखला किंवा जन्मतारखेचा पुरावा हवा असला की शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या मुलांची नोंदवही, कपाटातून निघतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात तर गावोगावच्या शाळांची कपाटं उघडली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. नोंद सापडली, नक्कल दिली, रजिस्टर पुन्हा आत. शाळेतल्या मुलांना मात्र ते कुणीच दाखवत नाही. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि ही गोष्ट मला अजून सलते.

माझी शेवटची शाळा जुन्या कोल्हापूर संस्थानातल्या खेड्यातली. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे वाक्य मुलं घडाघडा म्हणायची. एकदा मुख्याध्यापकांना विचारून मी चौथीच्या वर्गात रजिस्टरच नेलं. जातीचा रकाना कागदाने झाकला. तो मुलांपुढे वाचायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. गावातले निवृत्त तलाठी आजोबा मोडी वाचू लागले. १९१८ ची पानं आली तशी नावं दाट होत गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस मात्र नाव कमी केल्याच्या कारणात एकाखाली एक 'मयत', 'मयत'. मुलांनी मोजलं, अकरा. ती मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. एका मुलीला त्यात आपलंच आडनाव ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी ती घरून विचारून आली: तो तिच्या पणजोबांचा थोरला भाऊ, दुसरीत होता.

आमच्या भिंतीवर मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं ऑइलपेंटने रंगवलेली होती. संवेदनशीलता त्यातच. परिपाठात मी तिच्यावर कितीदा बोलले असेन. पण त्या आठवड्यात हजेरी घेताना, आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या एका मुलाचं नाव आलं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, त्याचं पण नाव कमी करणार का?" मुलांनी त्याच्यासाठी वह्या उतरवून ठेवल्या. मी सांगितलं नव्हतं.

साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालेल्या 'भिवा रामजी आंबेडकर' या विद्यार्थ्याची नोंद आजही जपलेली आहे. त्या तारखेला आपण विद्यार्थी दिवस पाळतो. माझी शिक्षण विभागाला विनंती आहे, की त्या दिवशी प्रत्येक जिल्हा परिषद शाळेने आपल्याच रजिस्टरमधली जुनी दोन पानं मुलांना वाचून दाखवावीत. मूळ रजिस्टरं आधी स्कॅन करून घ्यावीत. आमच्या रजिस्टरच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या, आणि पहिल्या पानावरची चार नावं तलाठी आजोबांनाही लागली नाहीत.

एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका