‘फक्त वारस नोंदीसाठी’: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

स. न. वि. वि. आपला वेळ मोलाचा आहे हे जाणून थोडक्यात लिहायचे ठरवले होते. ते जमेल असे आता वाटत नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. ३४ वर्षे हायस्कुलात गणित शिकवले. गेल्या वर्षी श्रावणात पत्नी वारली. माहेरकडून आलेली ३२ गुंठे जमीन तिच्या नावावर होती. त्यावर मी आणि दोन मुले अशी वारस नोंद लावायची म्हणून कागद जमवले: मृत्यू दाखला, तिघांचे आधार, रेशनकार्ड, प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ-अ. पॅन कोणी मागितले नव्हते, पण कार्यालयात ‘असू द्या काका, पुन्हा हेलपाटा नको’ म्हणाले म्हणून तेही दिले. प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईने तिरके ‘फक्त वारस नोंदीसाठी’ असे लिहिले, खाली सही आणि तारीख. ही सवय मुलीने लावली आहे.

अडीच महिन्यांनी फोन आला. कर्जाचे ३८,५०० रुपये कधी भरताय? मी म्हटले, आयुष्यात एकच कर्ज काढले, पतपेढीचे, घरासाठी, आणि तेही मुदतीआधी फेडले. पलीकडचा माणूस हसला आणि व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. माझे आधार. त्यावर तिरके, निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात: ‘फक्त वारस नोंदीसाठी’.

साहेब, तो कागद मी जगात एकाच टेबलावर ठेवला होता.

त्या टेबलावर काय घडले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा कळले नाही एवढेच. कंत्राटी संगणक चालक, पंचविशीचा मुलगा, स्वभावाने चांगला. मोबाइलवरच्या स्कॅनिंग ॲपने त्याने एकेक कागद टिपला, व्हॉट्सॲपवरून संगणकावर घेतला आणि चुकचुकला. ‘काका, फाईल चार एमबीची झाली. आपली साईट पाचशे केबीच्या वर घेत नाही.’ मग त्याने ब्राउझरमध्ये फुकटात पीडीएफ बारीक करून देणारी कुठलीशी साईट उघडली. भोवती जुगाराच्या जाहिराती लुकलुकत होत्या. माझ्या बायकोचा मृत्यू दाखला माऊसने धरून त्याने त्या चौकटीत सोडला. हिरवी बरोबरची खूण आली. फाईल बारीक झाली. मी त्याला चहा पाजला.

त्याच भिंतीवर फ्लेक्स होता, वर सगळ्या नेत्यांचे फोटो, खाली ‘आपली माहिती आमच्याकडे सुरक्षित’. फ्लेक्सचे पैसे कोणी दिले ते विचारत नाही.

कार्यालयात जाऊन विचारले तर साहेब म्हणाले, ‘त्या मुलाला समज दिली आहे.’ समज? त्याला केबीची मर्यादा तुम्ही दिलीत, फाईल बारीक करायचे साधन दिले नाहीत, दिवसाला तीसेक प्रकरणांचा रेटा दिलात आणि शेवटी समज दिलीत. त्याला कामावरून काढल्याचे ऐकले तर मी दुसरे पत्र लिहीन.

आता माझ्या मुलीच्या ऑफिसचे सांगतो. ती पुण्याला हिंजवडीत नोकरी करते. दिवाळीत घरी आली होती, रजा नव्हती म्हणून जेवणाच्या टेबलावरच कंपनीचा लॅपटॉप. गृहकर्जासाठी स्वतःची पगारपत्रके इंटरनेटवरच्या स्वतःच्या खासगी ड्राइव्हवर चढवायला गेली. पडद्यावर लाल पाटी आली: संस्थेच्या धोरणानुसार ही फाईल येथे अपलोड करता येणार नाही. दहा मिनिटांत सुरक्षा विभागाचे ईमेल आले, आणि त्याची प्रत तिच्या मॅनेजरला. ती चिडली. मला मात्र हेवा वाटला. तिचा पगाराचा आकडा कंपनीच्या दारातून बाहेर जाऊ शकत नाही आणि माझा सगळा संसार माऊसच्या एका ओढीने जातो!

माहिती बाहेर फुटू न देण्याच्या या सोयीला डेटा लॉस प्रिव्हेन्शन म्हणतात, तिच्या भाषेत डीएलपी. धोरण एकदाच क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, लिहायचे, ते कार्यालयातल्या प्रत्येक संगणकाला लागू होते. कोणी फाईल चढवू लागला की दोन गोष्टी तपासल्या जातात: आत काय आहे आणि ती कुठे चालली आहे. सरकारी पोर्टलकडे चालली तर जाऊ दे, अनोळखी साईटकडे चालली तर अडव. आत आधार क्रमांक आहे हे यंत्राला कसे कळते, असे मी विचारले, आणि उत्तर ऐकून जुना मास्तर जागा झाला. आधारचे १२ आकडे असे तसे नसतात. पहिला आकडा कधी ० किंवा १ नसतो आणि शेवटचा ताळ्याचा असतो. व्हरहूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेली ही रीत आहे. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी ताळा बसत नाही. पॅनचेही तसेच: पाच अक्षरे, चार आकडे, एक अक्षर, आणि व्यक्तीचे असेल तर चौथे अक्षर ‘पी’. हे यंत्राला क्षणात ओळखता येते. नववीच्या वर्गाला मी हे एका तासात शिकवले असते.

मुलगी असेही म्हणाली की पहिल्या दिवशी सगळे अडवू नये. आधी महिनाभर नुसती नोंद ठेवावी, मग इशारा द्यावा, कारण लिहून पुढे जाऊ द्यावे, आणि मग कुलूप लावावे. नाहीतर लोक मोबाइलने पडद्याचा फोटो काढतात, आणि तो कुठल्याच धोरणाने अडत नाही. शिवाय आपल्याकडचे कागद म्हणजे सगळे स्कॅन, म्हणजे चित्रे. चित्रातला मजकूर वाचायची सोय सुरू नसेल तर पहारेकरी आंधळा. पासवर्ड लावलेल्या फाईलचेही तेच, आत डोकावता येत नाही. ही पथ्ये खासगी कंपन्या रोज पाळतात. तुमच्या खात्यात एवढे सल्लागार आहेत, त्यांना ठाऊक असेलच. की त्यांचे काम फक्त सादरीकरणापुरते आहे?

मला सगळ्यात टोचते ती नोंद. महसूल खाते जमिनीचा एकेक फेरफार गाव नमुना सहामध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांभाळते. १९३० सालचा फेरफार मी स्वतः काढून आणला आहे, मोडी लिपीतल्या जोडकागदासकट. आणि माझी फाईल त्या दिवशी त्या संगणकावरून कुठे कुठे गेली याची एक ओळ कोणाकडे नाही. त्या साईटवरून फुटली, चालकाच्या मोबाइलमधून गेली की कोणत्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली, कोणी सांगू शकत नाही. सायबर पोलिसांकडे तीन खेपा झाल्या. पहिला प्रश्न, ‘ओटीपी कोणाला सांगितलात?’ कोणालाच नाही. दुसरा प्रश्न, ‘नीट आठवा.’ मी ६५ वर्षांचा आहे, वेडा नाही.

पत्नीच्या वर्षश्राद्धाला गुरुजी संकल्प सांगत असताना फोन वाजला. तेच लोक. मुलाने घेतला आणि अंगणात जाऊन त्यांना शिव्या घातल्या. त्याआधी त्यांनी माझ्या व्याह्यांनाही फोन केला होता. कर्जासाठीची पत दाखवणारा सिबिलचा आकडा घसरला ते वेगळेच. मुलीच्या गृहकर्जाला मी जामीन राहणार होतो, ते बारगळले.

आणि तुम्ही म्हणता कायदा आहे. आहे ना! खासगीपणा मूलभूत हक्क आहे असे नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितले. माहिती संरक्षणाचा कायदा व्हायला २०२३ उजाडले, नियम यायला नोव्हेंबर २०२५, आणि मुख्य कलमे लागू व्हायला त्यापुढे आणखी १८ महिने. हलगर्जीला २५० कोटींपर्यंत दंड. ऐकायला किती छान! दंड भरायचा सरकारी तिजोरीत, ज्याची माहिती फुटली त्याला रुपया नाही. केंद्राने अधिसूचना काढली की सरकारी यंत्रणेला या कायद्यातून सूटही मिळू शकते. मी मात्र खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर मला १०,००० रुपयांपर्यंत दंड. कोणाला कोणापासून वाचवायला हा कायदा केला आहे?

आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरूच्या कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी लोकांना सांगितले होते की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका. गैरसमज होईल म्हणून २९ मे रोजी ती सूचना मागे घेतली. दोन दिवस आम्ही शहाणे होतो. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांना कळवले की सरकारी माहिती गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्सवर ठेवू नका, कॅमस्कॅनरसारखी मोबाइलने कागद स्कॅन करणारी ॲप वापरू नका. कागद उत्तम. पण परिपत्रक ब्राउझरमध्ये येऊन बसत नाही.

राज्यात ३५८ तालुके. प्रत्येक तालुक्यात दिवसाला ४० फाईल अशा साईटवर जात असतील असे धरा. माझा अंदाज आहे, फार तर निम्मा म्हणा. ४० धरले तर दिवसाला १४,३२०. वर्षाचे २५० कामाचे दिवस, म्हणजे ३५ लाख ८० हजार. चुकत असेन तर तुमचा आकडा द्या. देता येणार नाही, कारण मोजायचे यंत्रच बसवलेले नाही. मोजत नाही ते घडत नाही, असा तुमच्या खात्याचा नवा प्रमेय दिसतो.

मला हवे ते फार नाही. फाईल बारीक करायची सोय पोर्टलमध्येच द्या. सर्व्हरने ती स्वतः बारीक करावी, त्यासाठी नागरिकाचे आधार परमुलखात पाठवायची गरज नाही. कार्यालयातल्या संगणकांवर अनोळखी साईट आणि खासगी ड्राइव्हवर कागद चढवणे अडवा, निदान त्याची नोंद तरी ठेवा. आणि माझी फाईल कुठे गेली ते मला लेखी कळवा. ‘चौकशी सुरू आहे’ हे उत्तर माझ्याकडे दोनदा आलेले आहे, तिसऱ्यांदा नको.

वारस नोंद अजून लागलेली नाही. एक कागद अस्पष्ट आहे म्हणून प्रकरण परत आले. मृत्यू दाखला. बारीक करताना अक्षरे पुसट झाली.

आपला,
सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक

ता. क. हे पत्र आधी ऑनलाइन तक्रार म्हणून भरायला बसलो होतो. शेवटच्या पानावर ‘आधार कार्डची प्रत जोडा, कमाल २०० केबी’ असे आले. तिथेच थांबलो. म्हणून पोस्टाने पाठवतो आहे.