गौरी जेवल्या, आम्ही नाही

पुणे, 15 सप्टेंबर 2024

प्रिय शैले,

फोन उचलत नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. पण जे सांगायचंय ते फोनवर बोलता येत नाही. आई पलीकडच्याच खोलीत आहेत आणि त्यांचे कान अजून ठणठणीत आहेत.

तब्येतींचं आधी उरकते. चिकुनगुनिया. आई, मग हे, मग चिनू. मला नुसताच ताप येऊन गेला. पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत दुसरी वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, बाकी यावर वेगळं औषधच नाही म्हणे. यंदा पुण्यात ज्याला त्याला हेच. वरच्यांच्या गच्चीतल्या पिंपात अळ्या सापडल्या, महापालिकेची माणसं येऊन औषध टाकून गेली. झालं.

गणपती कसाबसा बसवला. आरती झाल्यावर स्वतःभोवती फिरायची वेळ आली तर हे 102 तापात म्हणतात, "मी सरळ लोटांगणच घालतो, फक्त उठवायला माणसं सांगून ठेवा." चिनू हसली आणि मान धरून खाली बसली.

गौरी यंदा नको, असं मी यांच्यापाशी बोलून पाहिलं. हे म्हणाले, "तू सांग आईला." म्हणजे विषय संपला. तुमचं बरं आहे गं, खड्याच्या गौरी. नदीवरून खडे आणायचे तेही न बोलता, हे तुला कसं जमतं ते मात्र मला कळलेलं नाही. आमच्या दोघी उभ्या, बाळांसकट. मंगळवारी रात्री आठपर्यंत अनुराधा नक्षत्र होतं, म्हणून दिवे लागणीला आणल्या. हळदीकुंकवाची पावलं मी काढली, ताट चिनूने वाजवलं. "गौरी कशाच्या पावलांनी आली?" विचारलं तर आतून ह्यांचा आवाज, "लंगडत."

आता खरं सांगायचं ते. साड्या नेसवायला आई खुर्ची ओढून बसल्या. तुला माहितीय, त्या निऱ्यांना आजवर मलासुद्धा हात लावू दिलेला नाही. निऱ्या धरल्या, टाचणी उचलायला गेल्या, ती बोटांत राहीना. अंगठा आणि बोट जवळच येत नव्हतं. टाचणी पडली, उचलली, पुन्हा पडली. मग त्यांनी डबी चिनूकडे सरकवली. "तू कर, मी बघते." आणि बघितलंसुद्धा नाही गं, डोळे मिटून बसून राहिल्या. चिनूने धाकटीच्या निऱ्या उलट्या घातल्या, पदर खांद्यावरून घरंगळत होता. आईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "छान दिसतायत."

छान! ज्या बाईने तुझ्या लग्नात भर मांडवातून तुला खोलीत नेऊन शालू पुन्हा नेसवला, ती.

त्या रात्री शेपूची भाजी आणि भाकरी झाली, ती कुणालाच गेली नाही. दुसऱ्या दिवशी पुरण. डाळ शिजायला टाकते म्हणाले तर आई म्हणाल्या, "तुझ्यातही त्राण नाही. विकतच्या आण." मला वाटलं टोमणा आहे. बराच वेळ थांबले, पुढचं वाक्य आलंच नाही. विकतच्या पोळ्या नुसत्या सुचवल्या म्हणून त्या वर्षी दिवाळीपर्यंत माझ्याशी अबोला होता, आठवतंय ना? आणि तू मध्यस्थी करायला आलीस ती त्यांच्याच बाजूने बोलून, दोन पोळ्या तुपाबरोबर हाणून गेलीस. फितूर! ते मी अजून विसरलेले नाही.

तर विकतच्या आल्या. सोळा भाज्यांचा चिरलेला वाटा मिळतो, तो कुकरला लावला. सवाष्ण म्हणून समोरच्या वहिनींना सांगितलं होतं, त्या दारातूनच हळदीकुंकू घेऊन पळाल्या. हा डासांचा आजार आहे, ताटातून होत नाही, हे त्यांना कुणी सांगावं! नैवेद्य दाखवला आणि आम्ही सगळ्यांनी मऊ भात खाल्ला.

विसर्जनाच्या दिवशी मुखवटे पुसून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळले आणि नेहमीसारखे आईंच्या कपाटात ठेवायला गेले. त्या म्हणाल्या, "तुझ्या कपाटात ठेव. तुझ्याकडेच असू देत आता."

यांना सांगितलं तर म्हणतात, सांधे दुखतायत, वाकायला नको म्हणून म्हणाली असेल. डॉक्टरही म्हणालेत, या वयात दुखणं काही महिने रेंगाळतं, मग हळूहळू बोटं मोकळी होतात. असेलही तसं. "भांडत नाही म्हणून तक्रार करणारी सून पहिल्यांदाच बघतोय," हे वर. पण शैले, तापात माणूस चिडतं, रडतं, हट्ट करतं. या नुसत्या हो म्हणतायत. औषध घ्या, हो. पंखा बंद करू, हो. काल मुद्दाम आमटीत गूळ घातला नाही. गप्प जेवल्या! आणि मी, जिने इतकी वर्षं तुझे कान खाल्ले, 'एकदा तरी माझ्या मनाने सण करू देत,' ती किल्ली आयती हातात आल्यावर घाबरून बसलेय. ते मुखवटे माझ्या साड्यांखाली आहेत. कपाट उघडायला नको वाटतं.

चिनूपाशी हे बोलता येत नाही, तिला आजीने शाबासकी दिली याचाच आनंद आहे. तो कशाला मोडू?

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? बापूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आहे? अमेयचं ऐकलं, काळजी करू नकोस, आर्ट्सला गेलेली मुलंही जेवतात. सविस्तर नंतर विचारते.

एक काम कर. उद्या दुपारी चहाच्या सुमाराला आईंना फोन कर, माझ्या नाही, त्यांच्या नंबरवर. सांग की यंदा तूही पोळ्या विकतच्या आणल्यास आणि घरच्यापेक्षा बऱ्या निघाल्या. खोटं का असेना, ठणकावून सांग. आणि त्या काय म्हणतात ते शब्दन् शब्द मला कळव.

तुझी,
माधुरी