जर्नल मुलींचं, कीबोर्ड मुलांचा

पुणे, रविवार

प्रिय सुनंदा,

परवाचा फोन अर्धाच राहिला. तुझी मधली सुट्टी संपली नि इकडे माझी मीटिंग सुरू झाली. "ऋतुजा कॉम्प्युटरलाच जायचं म्हणायली, पण पोरीला झेपंल का? तुला कसं काय जमलं?" असं तू विचारलंस. फोनवर सांगण्याजोगं ते नाही, म्हणून लिहायला बसले.

ऑफिसातल्या लोकांना वाटतं, मी गणितात हुशार असणार. गणितात तू माझ्या पुढे होतीस, हे दोघींनाही माहीत आहे. माझ्याकडे जास्तीचं होतं ते बाबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान.

जिंतूर रोडवरचं ते वार्निशच्या वासाचं दुकान तुला आठवत असेल. रब्बीत लाइटीचा खेळ सुरू झाला की रोज कुणीतरी जळालेली मोटार टेम्पोत टाकून आणायचं. तीनपैकी एक फेज गेला तरी चालती मोटार थांबत नाही. उरलेल्या दोन फेजांवर जास्तीचा करंट ओढत राहते आणि वाइंडिंग जाळून घेते. जुनी तार तोडून काढायच्या आधी बाबा मला बसवायचे. एका कॉइलला फेरे किती, तार कोणत्या गेजची, कोणत्या स्लॉटातून निघून कोणत्या स्लॉटात जाते, सगळं मोजून वहीत उतरवायचं. पुढे तसलीच मोटार आली की वही काढायची. वाइंडिंग 'बॉडीला लागलं' असलं, म्हणजे तार आत कुठंतरी लोखंडाला टेकली असली, की बाबा कॉइलींचे जोड मधोमध सोडून टेस्ट लॅम्प लावायचे. ज्या अर्ध्यात दिवा लागला, ते पुन्हा अर्धं. पुढं इंजिनिअरिंगला सरांनी 'बायनरी सर्च' फळ्यावर काढलं तेव्हा मला हसू फुटलं होतं. आजही रात्री सिस्टिम पडली की मी जोड मधोमध सोडूनच बघते.

मामा एकदा बाबांना म्हणाला, "दाजी, पोरीच्या जातीला हे काय शिकवायलात?" बाबांनी मानही वर केली नाही. "मग ये, तू मोज," म्हणाले. मामा चहा न घेताच गेला.

बारावीनंतर औरंगाबादला कॉम्प्युटरला नंबर लागला (आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, पण माझ्या मार्कशीटवर औरंगाबादच आहे). लॅबमध्ये तिघांत एक मशीन. मुलगा खुर्चीत, कीबोर्डपुढं. आम्ही दोघी मागं उभ्या, आउटपुट जर्नलात उतरवायला, कारण आमचं अक्षर चांगलं! सबमिशनच्या आठवड्यात आमची जर्नलं अख्ख्या होस्टेलात फिरायची. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता बघ, आम्हालासुद्धा ते रीतीप्रमाणंच वाटायचं. पण मला वाइंडिंगची सवय. हात लावल्याशिवाय कळायचंच नाही. लॅब असिस्टंट काका जेवायला गेले की मी कुलूप न लावण्याची गळ घालायची आणि एकटीच बसायची. एक सेमिकोलन विसरला की स्क्रीनभर एरर. त्या वाचत वाचत खरं शिक्षण झालं.

२००० मध्ये पास झाले, नोकरीही लागली, पण मंदी आली नि जॉइनिंग पुढं पुढं ढकललं गेलं. परभणीला परतले. २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरच्या ओळखीचा कोर्स निघाला होता, तर एका सेंटरवर शिकवायला लागले. दुपारची बॅच बायकांची. एक अंगणवाडीच्या ताई माउस पॅडच्या कडेपर्यंत न्यायच्या आणि तिथंच थांबायच्या, पुढं जागा नाही म्हणून. "उचला नि परत मधी ठेवा," म्हटलं तर, "बिघडला म्हंजी?" मी उचलून टेबलावर आपटून दाखवला. दोन आठवड्यांत त्याच बाई शेजारणीला ओरडत होत्या, "उचल की तो!"

मग पुणं. मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. टेस्टिंग, मग कोडिंग, मग टीम. बाळंतपणाची रजा तेव्हा १२ आठवडे होती, २०१७ मध्ये ती २६ झाली. आई रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आली आणि तिच्या जिवावर मी कामावर परत गेले. तर साहेबांनी मला डॉक्युमेंटेशन दिलं. "बाळ लहान आहे, हलकं काम घ्या." पुन्हा जर्नलच की गं! मी रात्रीची ऑन-कॉल ड्यूटी, म्हणजे सिस्टिम पडली की उठून बघायचं काम, मागून घेतली. घरात भांडण झालं, ते सविस्तर भेटल्यावर.

हे काही आपल्याच मुलखाचं नाही. अमेरिकेत १९४६ मध्ये एनिॲक नावाचा खोलीभर संगणक जगाला दाखवला, त्याचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं होतं. सुरुवातीला त्यांना मशीनच्या खोलीत शिरायचीसुद्धा परवानगी नव्हती. नुसत्या आकृत्यांवरून त्यांनी ते यंत्र समजून घेतलं. जीन बार्टिक, बेटी होल्बर्टन ही त्यांतली दोन नावं. त्यांची नीट दखल घ्यायला जगाला कित्येक वर्षं लागली.

आता माझ्या हाताखाली बरीच मोठी टीम आहे. ८ मार्चला गुलाबाचं फूल आणि कूपन मिळतं. घेते, फुलाचं काय वाईट! पण माझ्याकडे मीटिंगचे मुद्दे लिहायची पाळी सगळ्यांना येते, दाढीवाल्यांनाही. आणि सिस्टिम पडली की कीबोर्डवर टीममधली सगळ्यांत नवीन व्यक्ती बसते. मी शेजारी, हाताची घडी घालून. बोटं शिवशिवतात, उशीर होतो, वरून फोन येतात. तरी मी कीबोर्ड ओढून घेत नाही. साहेबकीतलं अवघड काम मला तरी एवढंच दिसतं.

तेव्हा ऋतुजाला झेपंल का, हे मार्कांवरून ठरवू नकोस. घरातला बंद पडलेला मिक्सर तिच्यापुढं ठेव, प्लग काढून. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत नको बघू; लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते ते विचार, आणि कीबोर्डवर कोण बसलंय ते बघ.

खर्चाची काळजी दाजींना असणार. २०२४-२५ पासून वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकारनं पूर्ण माफ केली आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्यायचा, मॅनेजमेंट कोट्याला ते चालत नाही. होस्टेल, मेसचं आपल्यालाच बघावं लागेल. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर निकालाच्या आधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर जत्रा भरते, आणि सर्व्हरही नेमका तेव्हाच बसतो.

तुझी,
विद्या